दिवेआगरला वाडीतलं अपार्टमेंट घ्यायचंय, तीन पिढ्यांची नऊ माणसं आहोत, सल्ला द्या

सई_कोथरूड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार रात्री दिवेआगरला जायचं ठरतंय. आम्ही नऊ जण: सासूबाई (वय ७८, दोन्ही गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात), माझे बाबा (७४, तब्येत ठणठणीत), आम्ही दोघं, आमची मुलं नऊ आणि चार वर्षांची, दीर, जाऊबाई आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी.

एका ओळखीच्यांकडून नारळ-सुपारीच्या वाडीतली एक जागा कळलीये. साधारण दोन एकरांची जुनी वाडी, पुढे मालकांचं कौलारू घर, त्यात ते स्वतः राहतात, आणि मागे वाडीच्या पोटात त्यांनी चार वर्षांपूर्वी दुमजली बांधकाम केलंय, खाली एक आणि वर एक असे दोन ब्लॉक. प्रत्येकात दोन बेडरूम, मोठा हॉल, छोटं किचन, पुढे गॅलरी. समुद्र चालत सात-आठ मिनिटांवर. फोटो बघून मी तर तिथेच जाऊन बसले मनाने, गॅलरीच्या कठड्याला हात लावला तर पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, खोड हाताला लागेल इतकं जवळ आहे सगळं.

अडचण अशी की खालचा ब्लॉक पहिल्या दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी घेतलाय. वरचा चारही रात्री मिळतोय. सासूबाईंना जिना चढवायचा का? आणि जाऊबाईंचं म्हणणं असंय की एवढं सगळं करण्यापेक्षा स्विमिंग पूल असलेलं रिसॉर्ट घेऊ, मुलं रमतील, लिफ्ट असेल, जेवण तयार मिळेल. त्यांचंही चुकीचं नाहीये.

पण एक गोष्ट सांगते म्हणजे मी का अडून बसलेय ते कळेल. सासूबाईंचं आजोळ श्रीवर्धनचं. दहा-अकरा वर्षांच्या होईपर्यंत त्या प्रत्येक मे महिन्यात तिथल्या वाडीत असायच्या. मामा गेले, वाडी विकली गेली, त्याला चाळीस वर्षं झाली आणि त्यानंतर त्या एकदाही गेलेल्या नाहीत. मध्ये एकदा ताप आला होता तेव्हा झोपेत "पाटाला पाणी सोडलं का" असं विचारत होत्या. मला त्यांना एकदा वाडीत झोपवायचंय, एवढंच आहे. श्रीवर्धनला त्या स्वतःच नको म्हणतात, ते घर दुसऱ्याचं झालेलं बघवणार नाही म्हणतात, म्हणून दिवेआगर.

कुणी अशा वाडीतल्या ब्लॉकमध्ये म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन राहिलंय का? बुक करायच्या आधी मालकांना काय काय विचारू?

पावसाळी_ढग

सईताई, आम्ही मागच्या फेब्रुवारीत अगदी अशाच जागी राहिलो, दिवेआगरलाच पण वाडी दुसरी असावी, आमच्याबरोबर माझी आई होती, वय ८१. त्यामुळे अनुभवावरून सांगतो.

जिन्याचं आधी. मालकांना फोन करून पायऱ्यांची उंची विचारा, सरळ म्हणा की टेप लावून मोजून सांगा. कोकणात जागा वाचवायला जिने उभे काढतात, नऊ-नऊ इंचांची पायरी असते, आपल्या सोसायटीच्या जिन्यात सहा-साडेसहा इंच असते, तो फरक गुडघ्याला लगेच कळतो. कठडा एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना हेही विचारा. आम्ही हे काहीच विचारलं नाही आणि आईला चारही दिवस रोज एकदाच वर आणि एकदाच खाली असं करावं लागलं, बाकी वेळ ती वरच बसून राहिली, ते माझ्या मनाला अजून लागून राहिलंय.

दुसरं संडास-बाथरूम. कमोड आहे ना, धरायला दांडी आहे का, बाथरूमची लादी गुळगुळीत आहे का. वाडीत दमट असतं, लादी सुकतच नाही. आम्ही जाताना दोन रबरी मॅट घेऊन गेलो होतो ते फार कामाला आलं.

पाणी प्यायचं वेगळं असतं. समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होतात, डिसेंबरात बरं असतं पाणी, तरी प्यायला फिल्टरचं आहे का विचारा. लाईट जाते. इन्व्हर्टर आहे म्हणतात पण त्यावर फक्त पंखे आणि दिवे चालतात, एसी नाही, अर्थात डिसेंबरात एसी लागतच नाही, पहाटे गोधडी लागते.

डास असतात हो, खोटं कशाला बोलू. ओली जमीन, पाटाचं पाणी, वर गच्च सावली. मच्छरदाणी मागून घ्या, जुन्या घरांमधून अजून असतातच. रात्री अंगणात उतरताना प्रत्येकाच्या हातात बॅटरी आणि पायात चप्पल, मुलांना हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा, पालापाचोळ्यात विंचू असतो, फुरसं (छोटा विषारी साप) असू शकतं.

आणि रस्ता. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. पुण्याहून एकशेसाठ किलोमीटरच्या आसपास पण साडेचार-पाच तास धरा, सगळी वळणंच आहेत. चार वर्षांच्या मुलाला निघताना पोटभर खाऊ घालू नका. सुट्टीच्या आठवड्यात माणगावच्या चौकात मुंबई-गोवा हायवेची गर्दी अंगावर येते, म्हणून पहाटे पाचला निघालात तर उत्तम.

आमच्या आईला विचारलं तर ती अजूनही त्या गॅलरीचंच सांगते. सकाळी धनेशाची जोडी येऊन बसायची समोर.

रेवती_ठाणे

मी थोडं वेगळं मत मांडते. मुलं नऊ आणि चार वर्षांची, वाडीत विहीर असणारच, कठडा असतो पण कमरेएवढाच, शिवाय पाट, पंप, वायरी. दोन म्हातारी माणसं आणि दोन लहान मुलं असं एकत्र असताना घरातली बाई सुट्टीवर नसतेच, ती पूर्ण वेळ पहाऱ्यावर असते. किचन आहे म्हणजे चहा-दूध-खिचडी तुमच्याच गळ्यात. जाऊबाई हेच सांगत असतील कदाचित. मी दोनदा अशी सुट्टी काढली आणि दोन्ही वेळा परत आल्यावर आठवडाभर अंग दुखत होतं. रिसॉर्ट घेऊन एक दिवस सासूबाईंना वाडी दाखवायला नेता येईल की.

आगरातला

मी श्रीवर्धन तालुक्यातलाच, आमची वाडी आहे, दिवेआगर नाही पण जवळच. आम्हीही तीन खोल्या पाहुण्यांना देतो, त्यामुळे दोन्ही बाजू माहिती आहेत. जरा लांबण लागेल, पण लिहितो.

रेवतीताईंचा विहिरीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, विहिरीवर लोखंडी जाळी आहे का. पाहुणे घेणाऱ्या बहुतेकांनी आता बसवलीये. नसेल तर चार वर्षांचं मूल घेऊन तिथे जाऊ नका, दुसरी वाडी शोधा, मी स्वतः वाडीवाला असून सांगतोय.

दुसरा प्रश्न, वाडी चालू आहे की नुसती राखलेली आहे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खूप ठिकाणी चार माड ठेवून बाकी सिमेंट घातलंय आणि नाव मात्र वाडी. ज्या वाडीत शिंपणं होतं, झावळ्या पडल्या की उचलल्या जातात, सुपारी पाडून अंगणात वाळत घातली जाते, तिथे माणसांचा वावर असतो, पायवाटा साफ असतात, जनावराची, म्हणजे सापाची, भीती कमी असते. आणि तुमच्या सासूबाईंना जे ऐकायचंय ते तिथेच ऐकू येईल. आता पंप आला, ठिबकही आलं, तरी काही वाड्यांमधून अजून पाटाने पाणी सोडतात. मालकांना विचारा, शिंपणं कसं करता? पाटाने म्हणाले तर डोळे झाकून घ्या ती जागा.

तुम्ही लिहिलंय की बांधकाम चार वर्षांपूर्वीचं आहे. इथल्या माणसाला त्यावरून लगेच कळतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ते आमच्या डोक्यावरूनच गेलं. दुपारची वेळ होती. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा आणि पोफळ म्हणजे पन्नास-साठ फूट उंच आणि जाडीला मांडीएवढीही नाही, ती वाकते वाकते आणि मग मधूनच मोडते. आम्ही माजघरात बसून तो आवाज ऐकत होतो, फटाक्यांची माळ लागावी तसा, आणि माझी आजी प्रत्येक आवाजाला नुसती मान हलवत होती. आमच्या तीनशेच्या वर पोफळी होत्या, संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा साठ-पासष्ट उभ्या होत्या. छपराची कौलं गेली, विजेचे खांब आडवे झाले, आमच्या आळीला लाईट यायला दीड महिना लागला, त्यातून लॉकडाऊन, म्हणजे माणसंही मिळेनात. सुरुवातीला भरपाईचा हिशोब हेक्टरावर होता आणि आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात, हातात किती आलं असेल बघा.

नवी पोफळ लावली की सहा-सात वर्षं धरायची सुपारी लागायला. आंबा-काजूसारखं कलम करून लवकर धरत नाही ती. माड त्याहून जास्त वेळ घेतो. मग ती सहा-सात वर्षं घरात पैसा कुठून यायचा? म्हणून इथल्या कितीतरी लोकांनी त्यानंतर कर्ज काढून दोन-दोन खोल्या, ब्लॉक बांधले. खोल्यांच्या पैशावर वाडीची मजुरी, खत, पाणी चाललंय, रोपांची देखभाल चाललीये. आमच्या श्रीवर्धनी रोठा सुपारीला नाव आहे, मोठी, आतून पांढरी, मऊ, पण ती झाडं उभी राहीपर्यंत हात देणारं दुसरं काही नव्हतं. म्हणून कुणी वाडीत राहायला येतो म्हणालं की मला मनापासून बरं वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सासूबाईंना वरच्या ब्लॉकमध्ये ठेवू नका. मालकांना सरळ सांगा, पहिल्या दोन रात्री सासूबाईंची झोपायची सोय तुमच्या जुन्या घरात, ओटीवर किंवा माजघरातल्या खोलीत होईल का, बाकी आम्ही वर राहू, आणि खालचा रिकामा झाला की त्या खाली येतील. जुनी माणसं असतील तर नाही म्हणणार नाहीत. आजोळ श्रीवर्धनचं आहे हे जरूर सांगा, गावं जवळची आहेत, काहीतरी नातं निघतंच.

जेवण मालकांकडेच ठेवा, तुम्ही किचनमध्ये उभ्या राहू नका. आदल्या दिवशी सांगितलं की सकाळी घावन, दुपारी वालाचं बिरडं, सोलकढी, एक दिवस उकडीचे मोदक. डिसेंबरच्या शेवटाला वालाच्या शेंगा निघायला लागल्या असतील तर पोपटी लावायला सांगा, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा, बटाटे, अंडी भरून वरून जाळ करतात, मुलं तासभर तिथून हलणार नाहीत.

आणि गाडी माडाखाली लावू नका, झोपाळा माडाखाली बांधू नका, अंगणात माडाखाली खुर्ची टाकून बसू नका. नारळ पडतो, नारळापेक्षा वाळकी झावळी जास्त पडते, आणि ती आवाज न करता येते. पोफळीखाली बसा.

खाडीपलीकडे

वर आगरातलांनी वाडीचं सगळं सांगितलंच आहे, मी समुद्राचं सांगतो कारण त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही आणि दरवर्षी सुट्टीत इथे कुणाच्या तरी घरी रडारड होते.

दिवेआगरचा किनारा चार-साडेचार किलोमीटर लांब, सपाट, मागे सुरूची आणि केवड्याची बनं, बघायला अतिशय शांत. म्हणूनच माणूस फसतो. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा मुलांना घोट्याच्या वर पाण्यात सोडायचं नाही. भरती चढत असताना गुडघाभर पाण्यात, मोठ्या माणसाचा हात धरून, ठीक आहे.

वेळ कशी काढायची ते आमच्याकडे लहानपणीच शिकवतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, तिला पाऊणने गुणा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. दिवसातून दोनदा, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडे तिकडे होतो पण सुट्टीला आलेल्या माणसाला पुरेसं आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि तितकंच जोरात उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा समुद्र त्यातल्या त्यात सौम्य.

हरिहरेश्वरला जाल तर देवळामागची प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून आहे, ती फक्त ओहोटीत आणि फक्त तरण्या माणसांनी. सासूबाईंना आणि लहानग्याला देवळातच बसवा. खडकावर उभं राहून फोटो काढताना लाटेने ओढून नेलेली माणसं आहेत, आमच्या गावातल्या लोकांनी शोधायला बोटी काढल्यात त्यांच्यासाठी.

हॉस्पिटलचं म्हणाल तर मोठी सोय श्रीवर्धनच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि माणगावला. सासूबाईंच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवा.

सई_कोथरूड

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की मी रात्री नवऱ्याला सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. निसर्ग वादळाचं वाचताना थांबावं लागलं, आम्ही तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं आणि दोन दिवसांत विसरूनही गेलो होतो, त्याचं वाईट वाटलं.

मालकांना फोन केला. विहिरीला जाळी आहे. पायरी आठ इंच, कठडा एका बाजूला. शिंपणं अर्ध्या वाडीला ठिबक, अर्ध्या वाडीला पाट. सासूबाईंचं सांगितल्यावर त्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "श्रीवर्धनात कुठल्या आळीतल्या?" आणि मी सांगितल्यावर म्हणाल्या, त्यांना आमच्याकडेच झोपू दे, चारही रात्री. बुक केलंय.

रेवतीताई, तुमचं म्हणणं जाऊबाईंना वाचून दाखवलं, त्यांना फार बरं वाटलं कुणीतरी त्यांच्या बाजूने बोललं म्हणून. ठरलंय असं की किचनला दोघींनीही हात लावायचा नाही, सकाळचा चहासुद्धा काकूंकडूनच, आणि मुलांच्या मागे दीर आणि नवरा. लिहून घेतलंय त्यांच्याकडून.

पावसाळी_ढग

वा! जाऊन आलात की नक्की लिहा. सुवर्णगणेशाच्या देवळातही जा. १९९७ साली अशाच एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला होता, २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडून तो गेला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला त्यात, २०२१ मध्ये पुन्हा मुखवट्याची स्थापना झाली. बाबांना इतिहासाची आवड असेल तर रूपनारायणाची मूर्तीही बघा, आणि त्यांना सांगा की शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट याच गावातला. जवळजवळ हजार वर्षं हे आगर लोक राखतायत.

सई_कोथरूड

परवा परत आलो. सगळं नीट झालं. सविस्तर लिहायला बसलेय खरी पण कुठून सुरू करू कळत नाहीये.

सासूबाई गाडीतून उतरल्या, बेड्याशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी, थांबल्या आणि पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग चप्पल काढली. मी म्हटलं अहो आई, पायाला टोचेल, तर म्हणाल्या मला माहितीये कुठे पाय टाकायचा ते. पाटाच्या कडेने काठी न टेकता चालत गेल्या, काकू मागे धावल्या हात धरायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडेली (झाडावर चढून सुपारी पाडणारा) आला होता. तो एका पोफळीवर चढला आणि वरच्या वर झोका घेऊन दुसरीवर गेला, तिसरीवर गेला, खाली उतरलाच नाही, मुलं तोंड उघडं टाकून बघत होती, पुतणीने तेवढ्या वेळात मोबाईल हातात घेतला नाही. मग काकू आणि सासूबाई अंगणात वाळलेल्या सुपाऱ्या सोलायला बसल्या. आम्ही समुद्रावर जाऊन आलो, जेवलो, झोपलो, उठलो तरी दोघी तिथेच. काय बोलत होत्या देव जाणे, काकूंच्या आत्या सासूबाईंच्या मामीच्या शेजारी राहायच्या एवढं निघालं शेवटी. ज्या घरात जायचं नाही म्हणत होत्या, त्या श्रीवर्धनच्या आळीत तिसऱ्या दिवशी त्या स्वतःहून काकूंना घेऊन रिक्षाने गेल्या आणि आल्या. आम्हाला कुणालाच नेलं नाही. आल्यावर एवढंच म्हणाल्या की वादळात गेली बरीच झाडं, पण नवी लावलीयेत त्या लोकांनी, उंचीला माझ्याएवढी झालीयेत.

भरतीचा पाऊणचा हिशोब बाबांनी रोज केला, रोज बरोबर आला, नातवाला पाढे शिकवून झाले त्यात. हरिहरेश्वरला आम्ही खडकांवर उतरलोच नाही, वरूनच बघितलं, खाली उतरलेल्या दोन मुलांना बाबांनी हाका मारून वर बोलावलं.

त्रास झाला तो डासांचा, आणि एका रात्री चार तास लाईट नव्हती, पण तेव्हा सगळे काकूंच्या पडवीत कंदील लावून बसलो आणि दिरांनी पोपटी उघडली. जाऊबाईंनी पुढच्या वर्षीच्या तारखा तिथेच विचारून ठेवल्या.

आता एक शेवटचा प्रश्न, आगरातला दादांना. निघताना काकूंनी सासूबाईंच्या ओटीत पाच पिकल्या सुपाऱ्या घातल्या, सालासकट, पिवळ्याधमक. त्या म्हणतायत लावायच्या. आमच्याकडे गॅलरी पूर्वेची आहे, तिसरा मजला. येतील का पुण्यात?

आगरातला

वाचून डोळे भरून आले ताई. आजींना माझा नमस्कार सांगा.

पाण्यात बुडवून ठेवू नका, सालही काढू नका. एका पसरट कुंडीत किंवा जुन्या टबमध्ये वाळू आणि थोडी माती घ्या, खाली भोकं पाडा. सुपारी उभी लावायची, देठाकडची टोपी असते ती बाजू वर, आणि वरून जेमतेम वाळूने झाकायची. रोज हलकं पाणी, वाळू ओली राहिली पाहिजे पण पाणी साचता कामा नये. कोंब यायला दीड-दोन महिने लागतात, थंडीत जास्तही लागतील, तोवर आजींना उकरून बघू देऊ नका. दोन पानं फुटली की एकेक वेगळ्या पिशवीत लावा, शेणखत घालून.

पुण्याची हवा कोरडी, त्यामुळे मार्च ते मे सांभाळावं लागेल. पूर्वेचं सकाळचं ऊन चालेल, दहानंतर सावली करा, शेजारी केळीची एक कुंडी ठेवा, आम्हीही इथे नव्या पोफळी केळीच्या सावलीतच वाढवतो. गॅलरीत सुपारी धरायची नाही, तेवढी जागा मिळत नाही मुळांना, पण झाड छान होईल. पाचातल्या तीन जरी आल्या तरी पुढच्या वर्षी येताना दोन घेऊन या, आमच्या वाडीत बांधाकडेला जागा मोकळी आहे, आजींच्या हाताने लावू.